लंकेला गेलेली पेटी

मी एक पत्र्याची पेटी आहे. भरलेली असले तर मला जागची हलवायला दोन माणसं लागतात. तरीसुद्धा कामरगावातून समुद्रावर जाऊन आलेल्यांत माझा नंबर पहिला लागतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकी हा आमच्या मालकांचा प्रांत होता आणि त्यात त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी शिरू दिलं नाही.

माझा जन्म कारंज्याच्या बाजारातला, सन एकोणीसशे तेराचा. डबे, चाळण्या आणि पेट्या करणाऱ्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून आकाराला आणलं. अंगाला हिरवा रंग दिला. झाकणावर गुलाबाची दोन फुलं काढली, त्यातलं एक लहान राहिलं, कारण मध्येच त्याला जेवायची हाक आली. पुढच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'मारोतराव देशमुख, कामरगाव'. मालकांनी ही अक्षरं दोनदा पुसून मोठी करून घेतली. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा कारागीर म्हणाला, "मालक, आता पेटीच मोठी करा लागन."

मारोतराव म्हणजे अंगानं बारीक, पण मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. जमीन बरी होती, बैल चांगले होते, बायको सोजरबाई शहाणी होती. माणसाला आणखी काय लागतं? मारोतरावांना ऐकणारे लागत. रोज संध्याकाळी ओट्यावर चारपाच जण जमले नाहीत तर त्यांना अन्न गोड लागत नसे.

या जिभेपायी त्यांच्या एकुलत्या लेकीची, कस्तुराची, दोन ठरलेली लग्नं मोडली होती. पहिल्या ठिकाणी मालकांनी सांगितलं की आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही हटत नाही, आणि पाहुण्यांना जेवायला बोलावलं ते नेमकं वैशाखात. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की आमच्या दारी पूर्वी हत्ती होता. मुलाच्या आजोबांनी सहज हत्तीचं नाव विचारलं आणि मालकांना ते वेळेवर सुचलं नाही. आता कस्तुरा सोळा वर्षांची झाली होती. त्या काळी सोळा वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे गावाला रोजचा विषय. तिसरं स्थळ आलं इंझोरीचं. बबनराव नावाचे जमीनदार, त्यांचा मुलगा जगदेव. हे मोडलं तर चौथं कोणी दारात येणार नाही, हे सोजरबाईंना पक्कं ठाऊक होतं.

सुपारी फुटली त्या दिवशी जेवताना बबनरावांनी सांगितलं की ते मुंबई पाहून आले आहेत. नुसती मुंबई नाही, समुद्रसुद्धा. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिले होते म्हणे. सगळी पंगत घास हातात धरून ऐकत राहिली. मारोतरावांनी ताटातल्या दोन पुरणपोळ्या तशाच सोडल्या.

"गुडघ्याएवढ्या पान्यात म्हैसबी उभी राह्यते," पाहुणे गेल्यावर ते म्हणाले. "मी समुद्र वलांडून दाखवतो."

"आवो, पोरीचं लगन तोंडावर आलं," सोजरबाई म्हणाल्या. "आता तरी गप बसा ना घरी."

"लगनाच्या आंधीच जाऊन येतो. मांडवात इवायानं मले लवून रामराम केला पायजे."

कारंज्याच्या कापूस बाजारातल्या एका दलालानं त्यांना वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून दाखवली. मुंबईहून आगबोटीनं लंकेला जायचं आणि परत मुंबईला यायचं, एकूण एकोणीस दिवस, हवापालट आणि मौज. लंका म्हटल्यावर मालकांना दुसरं काही सुचेना. मला त्यासाठीच बनवून घेतलं होतं. बरोबर गडी म्हणून सोमला निघाला. सोमला गावाशेजारच्या तांड्यातला, देशमुखांच्या वावरात सालानं राहणारा. उंच, कमी बोलणारा माणूस. मला उचलायला इतरांना दोघं लागत, सोमला एकटा मला डोक्यावर घेऊन चालायचा. मालकांनी त्याचं डेकवरचं तिकीट काढलं आणि स्वतःसाठी खोलीचं.

आता घोटाळा कसा झाला ते सांगते. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की बोट बुधवारी सकाळी दहाला सुटेल. जोशीबुवांनी पंचांग उघडलं, मान हलवली आणि सांगितलं की बुधवारी साडेदहापर्यंत मारोतरावांच्या राशीला काळवेळ आहे, तोवर पाण्यावर पाऊल ठेवायचं नाही.

आमच्याकडे यावर तोड आहे. मुहूर्त एका वेळेला आणि निघणं दुसऱ्या वेळेला असेल तर प्रस्थान ठेवतात. म्हणजे प्रवाशाचं सामान, त्यात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून, चांगली वेळ पाहून आधी घराबाहेर काढायचं. सामान गेलं की माणूस निघाला असं धरतात. मग तो माणूस दोन दिवस घरी बसून भाकरी मोडत असला तरी शास्त्राची हरकत नसते.

"पेटी आंधी बोटीवर चढवा," जोशीबुवा म्हणाले. "पेटीले रास नसते. ते चढली म्हंजे शास्त्रानं तुमी चढले. साडेदहा वाजले की मंग देह न्या."

"आन् बोट धालेच सुटली तं?" सोजरबाईंनी दारातून विचारलं.

मारोतराव हसले. मुर्तिजापूरला जाणारी कारंज्याची छोटी गाडी त्यांच्यासाठी दोन वेळा थांबली होती. एकदा तर ते पानाचा डबा घरी विसरले म्हणून गार्डानं झाडाखाली बसून चिलीम ओढून होईपर्यंत वाट पाहिली होती. "तिकीट माह्यं हाय," ते म्हणाले. "मानूस आल्याबिगर सुटन कशी?"

सोजरबाईंनी मला भरलं. सात धोतरं, काळा कोट, फेटा, बेसनाचे लाडू, शेव. सगळ्यात वर प्रस्थानाची पुरचुंडी. मालकांनी कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. वाजंत्री लावून गावानं आम्हाला वेशीपर्यंत पोचवलं. बैलगाडीनं कारंजा, तिथून छोटी गाडी, मग मोठी गाडी आणि मग मुंबई.

बुधवारी सकाळी सोमलानं मला शिडीवरून बोटीवर नेलं आणि डेकवर ठेवलं. मारोतराव खाली धक्क्यावर कापसाच्या गाठीवर बसले, हातात घड्याळ उघडं धरून. बोटीनं पहिली शिट्टी दिली. ते हलले नाहीत. दुसरी दिली. कंपनीचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "सेठ, चलो, सीडी उठती है."

"अजून पस्तीस मिनिटं हायेत," मालकांनी त्याला घड्याळ दाखवलं.

त्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं आणि तो निघून गेला. शिडी उठली. थोड्या वेळानं धक्का आमच्यापासून मागे सरकायला लागला. मला आधी वाटलं, मुंबईच कुठंतरी निघाली. मालक गाठीवरून उठले, फेटा सावरत धावत काठापर्यंत आले आणि ओरडले, "थांबव रे! ओ गार्ड! गार्ड!"

समुद्रावर गार्ड नसतो. सोमला कठड्याला धरून उभा होता. मालक लहान होत होत दिसेनासे झाले तोवर तो तसाच उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन खाली बसला आणि म्हणाला, "आता कसं व?"

मला काय ठाऊक!

पहिले दोन दिवस बोटीवरचा कारकून रोज येऊन माझ्यावरचं नाव वाचायचा आणि मालक कुठं आहे म्हणून विचारायचा. सोमला सांगायचा, "येऊन राह्यले." भर समुद्रात कुठून येणार, असं कारकुनानं विचारलं तेव्हा सोमलालाही ते पटलं आणि त्यानं तसं सांगणं सोडलं. सामान खाली तळघरात टाकायला दोघं आले, पण त्यानं मला सोडलं नाही. "मालकाची पेटी हाय, नजरेआड करत नाई." शेवटी ते कंटाळले. घरून आणलेल्या भाकऱ्या संपल्यावर सोमला खलाशांना दोर ओढायला मदत करायचा आणि ते त्याला भात-मासळी द्यायचे. पेटी फोड आणि आतलं खा, असं त्यांनी त्याला चारदा सांगितलं. माझ्या पोटात लाडू होते, त्याच्या पोटात जेमतेम दोन घास होते, तरी त्यानं कुलपाला हात लावला नाही.

त्या सात दिवसांत मी माणसं पाहिली. वरच्या मजल्यावरचे साहेबलोक सकाळी उठून बोटीला गोल गोल चकरा मारायचे आणि किती मारल्या ते एकमेकांना सांगायचे. जायचं कुठंच नसताना एवढं चालणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. दुपारी ते दोराची कडी एका खुंटीवर फेकायचे, आणि ती खुंटीवर बसली की टाळ्या वाजवायचे. खालच्या डेकवर मुंबईचा एक शेठ होता. निघताना बंदरावर त्याला सोडायला वीस माणसं आली होती, आणि बोट लागून उलट्या व्हायला लागल्यावर तो त्या वीसही जणांची नावं घेऊन रडत होता. सोमलाला बोट लागली नाही. तो दिवसभर पाण्याकडे पाहत बसायचा. पाण्यातून मासे उडताना पाहिले तेव्हा त्यानं माझ्या झाकणावर थाप मारली, जणू मला उठवत होता. "पाह्य," तो म्हणाला. "पाखरं हायेत का मासोया?"

लंकेत बोट पाच दिवस उभी राहिली. एका खलाशाला माझ्यावर राखण बसवून सोमला बाकीच्यांबरोबर गावात फिरून आला. नारळाची झाडं पाहिली, माणसाच्या हुकमानं लाकडं ओढणारा हत्ती पाहिला. बंदराशेजारच्या वाळूतून त्यानं बायकोसाठी, रुपाबाईसाठी, मूठभर शिंपले वेचून धोतराच्या टोकाला बांधले. मग आम्ही परत निघालो.

मुंबईच्या धक्क्यावर मारोतराव उभे होते. वाजंत्री लावून गावातून निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी घरी कसा जाणार? एकोणीस दिवस ते भुलेश्वराकडच्या एका धर्मशाळेत पडून होते. रागानं त्यांनी समुद्राकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी सोमलाला पाहिलं, मला पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "लाडू खाल्ले का बे?"

मग दोन दिवस धर्मशाळेत सोमलाची झडती झाली. पाणी कसं, लाट कशी, लंका कशी, लोक खातात काय. "खोल किती हाय समुद्र?" मालकांनी विचारलं. सोमला म्हणाला, "मी उतरून नाई पाह्यलं, मालक." मालक सगळं तोंडपाठ करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "आता आयक. गेलो तो मी. तू धक्क्यावर बसून व्हता."

"मी?"

"तू."

सोमलानं थोडा विचार केला. "दोघंबी गेलतो म्हना ना, मालक."

"गड्यासंगं गेलो तं मंग माह्यं त्यात काय राह्यलं?"

"बरं, मालक," सोमला म्हणाला.

कामरगावात पुन्हा वाजंत्री. माझं कुलूप मात्र मालकांनी कोणाला उघडू दिलं नाही, सोजरबाईंनासुद्धा नाही. ओट्यावर आता चारपाच नाही, चाळीस माणसं बसायची. मारोतरावांनी जो समुद्र सांगितला त्यात लाट लिंबाच्या झाडाएवढी होती. त्यांनी रावणाचा वाडा पाहिला होता, त्याच्या जळक्या भिंतीला हात लावला होता, आणि कप्तानानं त्यांना शेजारी बसवून बोट हाकायला दिली होती. सोमला गोठ्याजवळ बसून हे ऐकायचा. उडणारे मासे मात्र मालकांनी गाळले. ते कोणाला खरे वाटणार नाहीत, असं ते म्हणाले.

ही कीर्ती इंझोरीला पोचली आणि बबनरावांच्या गुडघ्याएवढ्या पाण्याची किंमत उतरली. आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी चार वडीलधारी माणसं आणि जगदेवला घेऊन सकाळीच आमच्या अंगणात हजर झाले. बैठक बसली, जोशीबुवांना बोलावणं गेलं. बबनराव म्हणाले, "इवाई, तुमी समुद्र वलांडला. धरम बुडाला. मिशा उतरवा, पंचगव्य घ्या, शुद्ध व्हा. नाई तं हे लगन होत नाई."

त्यांच्या जातीत समुद्राला मनाई आहे हे त्या सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. समुद्र तिथून चारशे मैल. मनाई करण्याची वेळच कधी आली नव्हती. पण एकदा कोणी तसं म्हणाल्यावर मनाई नाही असं म्हणायची छाती कोणाची होईना. चारही वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या.

मारोतरावांचा हात मिशीवर गेला तो तिथंच राहिला. मिशा द्यायची त्यांची तयारी नव्हती. आणि मी गेलोच नव्हतो, हे तीन शब्द तर त्यांच्या तोंडाला माहीतच नव्हते. सोजरबाई दाराआडून म्हणाल्या, "आवो, काई तरी एक करा. पोरीचं वाटोळं होऊन राह्यलं." ते खाली मान घालून बसून राहिले. बबनराव जोडे घालायला उठले.

तेव्हा कस्तुरा बाहेर आली. माझी एक कडी तिच्या हातात होती आणि दुसरी रुपाबाईच्या. रुपाबाई देशमुखांच्या घरी सडासारवण करायची. सोमलानं तिला शिंपले दिले होते, आणि शिंपले पाहिल्यावर कोणती बायको कुठून आणले म्हणून विचारल्याशिवाय राहील? तिच्याकडून कस्तुराला सगळं कळलं होतं.

"बाबा, किल्ली द्या," कस्तुरा म्हणाली.

सगळे पाहत होते. मालकांनी करदोट्याची किल्ली सोडून दिली. माझं झाकण उघडलं. सगळ्यात वर पुरचुंडी, तिची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. खाली सात धोतरं, सोजरबाईंनी घातलेल्या घडीत. लाडवांना हिरवी बुरशी आली होती आणि वासानं पुढच्या रांगेतले दोघं मागे सरकले.

"एकोनीस दिवस मानसानं धोतर बदललं नाई?" एक म्हातारा म्हणाला आणि अंगणात हशा झाला.

"माहा बाप धक्क्यावरच राह्यला," कस्तुरा म्हणाली. "बोटीवर गेला तो सोमलादादा. आमच्या घरचा धरम बुडाला नाई. आता तं मांडव घाला."

पोरीला वाटलं होतं की खरं बोललं की सुटेल. बबनराव तिच्याकडे न पाहताच म्हणाले, "मंग इवाई खोटारडे. दोन ठिकानी हेच झालं, आता तिसऱ्यानं. खोटारड्याच्या घरची पोरगी आमाले नाई पायजे. उठ रे जगदेव."

जगदेव उठला नाही. कस्तुरा माझं उघडं झाकण धरून उभी होती.

मध्ये पडले ते जोशीबुवा. त्यांना कस्तुराची दया आली असं म्हणण्याचा मोह होतो, पण मुहूर्त त्यांनी काढला होता आणि आता सगळं गाव त्यांच्याकडे पाहायला लागलं होतं. त्यांनी घसा खाकरला. "खोटारडे कसे? मारोतरावांनी प्रस्थान ठेवलं होतं. पेटी विधीनं गेली. प्रस्थान गेलं म्हंजे मानूस गेला, हे शास्त्र आहे. म्हून मारोतराव लंकेले गेलेच."

मारोतरावांनी मान वर केली. "मी सांगतच व्हतो!" ते म्हणाले.

"मंग प्रायश्चित्त घ्या," बबनराव म्हणाले. "उतरवा मिशा."

आता सोजरबाई दाराआडून सरळ अंगणात आल्या. "पेटी गेली म्हून हे गेले ना? मंग पेटीनं प्रायश्चित्त घेतलं म्हंजे यायनं घेतलं. वता पंचगव्य पेटीवर."

जोशीबुवांनी डोळे मिटून घेतले. नाही म्हणायला त्यांना जागाच नव्हती. वडीलधारी माणसं हसू दाबत होती. पण बबनराव हुशार माणूस. त्यांनी गोठ्याकडे बोट केलं. "थांबा. पेटीसंगं एक मानूस व्हता. तो कोन म्हून गेला? मानूस म्हून गेला असन तं जानारा तोच, मारोतराव नाई, आन् मंग मारोतराव खोटे. सोमला, इकडे ये. सांग, तू गेलता का नाई?"

सोमला पुढे आला. एक शब्द खरा बोलला असता तर आयुष्यात पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट त्याची स्वतःची झाली असती. त्यानं मालकांकडे पाहिलं नाही. कस्तुराकडे पाहिलं. लहानपणी याच पोरीला तो बैलगाडीच्या जुवावर बसवून वावरात न्यायचा.

"मी मानूस म्हून नाई गेलो, मालक," तो म्हणाला. "पेटीसंगं व्हतो. मले सामानातच धरा."

जोशीबुवांनी लगेच निकाल दिला की सोमला सामानातच धरायचा. एका माणसाची त्यांनी माझ्यासारखी पेटी केली, आणि अंगणात कोणाच्या घशात काही अडकलं नाही. उलट सगळ्यांना मोकळं वाटलं. जगदेव बापाला म्हणाला, "बाबा, बसा आता. पेटीनं प्रायश्चित्त घेतलं तं आपलं काय जाते?" आणि बबनराव बसले.

दुसऱ्या दिवशी माझं प्रायश्चित्त झालं. शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप हे सगळं मंत्र म्हणत माझ्यावर ओतलं. मिशांऐवजी माझं क्षौर करायचं ठरलं. न्हाव्यानं वस्तऱ्यानं माझा रंग खरवडला. गुलाब गेले, मालकांचं नाव गेलं. वस्तरा खराब झाला म्हणून न्हावी कुरकुरला, माझं काय झालं हे कोणी विचारलं नाही. मारोतराव बाजूला पाटावर बसून मिशीला पीळ देत होते. त्याच महिन्यात कस्तुराचं लग्न लागलं, आणि लेकीच्या सामानात मी इंझोरीला आले.

कस्तुराचा संसार चांगला झाला, हे सांगायला मला आवडतं. जगदेवराव सरळ माणूस निघाले. मी तिच्या खोलीत गोधड्या सांभाळत राहिले. बुडाला पंचगव्यानं धरलेला गंज वर चढत गेला. मारोतराव लंका सांगत सांगत म्हातारे झाले आणि मेले. त्यांच्या माघारी कामरगावात त्यांना लंकावाले देशमुख म्हणायला लागले. कोणी कधी सोमलाला विचारलं तर तो म्हणायचा, "मी धक्क्यावर व्हतो." मालकांच्या हुकमानं सुरू झालेलं आणि कस्तुराचं घर मोडू नये म्हणून चालू ठेवलेलं हे वाक्य तो नंतर तीस-बत्तीस वर्षं म्हणत राहिला. त्याला थांब म्हणायचं मात्र कोणाला सुचलं नाही. कस्तुराबाईंनाही नाही. हे मी त्यांच्या घरात राहून सांगते.

मागच्या मार्गशीर्षात रुपाबाई इंझोरीला आली. कारंज्यापर्यंत मोटारीनं आणि पुढे पायी. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाई, बुढा खाटल्यावर हाय. चार दिवसापासून एकच इचारून राह्यला. म्हनते, रुपा, मी खरंच गेलतो का व? का मालकाचं आयकून आयकून मलेच तसं वाटते? शिंपले तं कवाच हरवले. मी सांगतलं, तू गेलता. तं म्हनते, तू बायको हायेस, माह्याच बाजूनं बोलशीन. मालकाच्या लेकीले इचारून ये."

कस्तुराबाई उठल्या. त्यांनी गोधड्या भराभर जमिनीवर काढल्या, मला रिकामी केली आणि गाडी जुंपायला सांगितली. जगदेवरावांनी पेटी कशाला म्हणून विचारलं. त्या गाडीत जाऊन बसल्या.

तांड्यात पोचायला आम्हाला दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. सोमलाची खाट झोपडीबाहेर उन्हात टाकली होती. एवढा उंच माणूस, खाटेत निम्मासुद्धा दिसत नव्हता. मला त्याच्या शेजारी ठेवलं. कस्तुराबाई खाली मातीत बसल्या.

"सोमलादादा, तू गेलता," त्या म्हणाल्या.

त्यानं डोळे उघडले. "मालक म्हनत, मी धक्क्यावर..."

"धक्क्यावर माहा बाप व्हता. समुद्रावर तू गेलता. माह्या लगनासाठी तू सामान झाला, आन् मी तुले सामानच राहू दिलं."

सोमलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "आन् हे पेटी?"

"पेटी तुह्यासंगं गेलती, दादा."

त्यानं हात लांब करून माझ्या झाकणावर ठेवला. मग बोलायला लागला. हळू, थांबत थांबत. पाणी सकाळी कसं दिसतं, दुपारी कसं दिसतं. दोर कसा ओढायचा. मासे कसे उडतात. तांड्यातली माणसं भोवती जमली, आणि त्यांच्यातल्या कोणाला उडणारे मासे खोटे वाटले नाहीत. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो सांगत होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

कस्तुराबाई परतताना मला गाडीत चढवायला विसरल्या. निदान जगदेवरावांना त्यांनी तसंच सांगितलं असेल. आता मी रुपाबाईच्या झोपडीत आहे. बूड गळतं, एक कडी तुटली आहे, माझ्यात ज्वारी ठेवतात तर उंदीर आधी जेवतात. फार दिवस राहिले नाहीत, म्हणून एवढं बोलले. कामरगावाकडे कधी गेलात तर ओट्यावर कोणीतरी तुम्हाला लंकावाल्या देशमुखांची गोष्ट सांगेल. ऐका, चांगली आहे, चहासुद्धा मिळेल. गोष्ट संपली की एवढं विचारा, सोमला कुठं होता? धक्क्यावर होता असं ते म्हणतील. तेव्हा माझं नाव सांगा आणि म्हणा की सोमला बोटीवर होता, पेटीनं पाहिलं आहे.